थोरलीचे झिपरे

माहेरी ती चार बहिणींतली थोरली आणि सासरी दोन सुनांतली थोरली. त्यामुळे जन्मभर सगळे तिला थोरलीच म्हणत आले. धाकट्यांना लोक लाडाने हाक मारतात, थोरलीला कामासाठी. पन्नाशी उलटून गेली तोवर तिच्या कानांना त्या हाकेचा इतका सराव झाला होता, की रस्त्यात कुणी दुसऱ्याच कुणाला ‘अगं थोरले’ म्हटलं तरी हिची पावलं थबकायची.

ती ड्रायक्लीनिंगच्या एका मोठ्या दुकानात डाग काढायची. पुढे काउंटर, मागे वाफेच्या इस्त्र्या आणि गरगरणारी यंत्रं, आणि कोपऱ्यात खिडकीखाली हिचं पत्र्याचं टेबल. टेबलावर दोन मऊ ब्रश, चपटी पट्टी, चार-पाच बाटल्या, आणि पायाने दाबली की वाफ सोडणारी नळी. तेलाचा डाग, शाईचा डाग, गंजाचा, रक्ताचा. प्रत्येकाची खोड वेगळी. जोर लावला की डाग हट्टाला पेटतो, म्हणून हळूहळू, कडेकडेने मध्याकडे यायचं. हे करताना तिच्या एका कानात वायर असायची. मालकांना ते माहीत होतं. “बाई, दोन्ही कान बुजवू नका म्हणजे झालं,” एवढंच ते म्हणायचे.

ऐकायची तरी काय? तर किंचाळणाऱ्या गिटारी, धबाधबा बडवलेले ड्रम, आणि त्या सगळ्यावर मात करत बेंबीच्या देठापासून ओरडणारा कुणी तरी. रॉक. तेही जुनं, ती शाळेत असतानाच जुनं होत आलेलं. ते गाणारे-वाजवणारे सगळे खांद्यापर्यंत केस वाढवलेले, म्हणून नवरा त्यांना सरसकट ‘तुझे झिपरे’ म्हणायचा. “आज कुठला झिपरा ओरडतोय?” हा त्याचा लग्नापासूनचा विनोद. पहिल्या वर्षी ती हसली होती.

हे वेड घरात आणलं तिच्या आतेभावाने. तो जहाजावर नोकरीला होता. एकदा सुट्टी संपवून जाताना रेकॉर्ड प्लेअर आणि रेकॉर्डची एक पेटी मामांकडे, म्हणजे हिच्या वडिलांकडे ठेवून गेला. “परत येईपर्यंत सांभाळा,” म्हणाला, आणि कुठल्याशा बंदरात लग्न करून तिथलाच झाला. पेटी इथेच राहिली. कव्हरांवरची अक्षरं वेलीसारखी अशी वळवलेली, की वाचायची सोयच नाही. मग बहिणींनी चित्रांवरून नावं पाडली: ‘लाल शिडी’, ‘भिंतीवरची मांजर’, ‘उलटी खुर्ची’. मुलींचं इंग्रजी तेव्हा गायीवरच्या निबंधापलीकडे गेलं नव्हतं. ‘लाल शिडी’तल्या एका गाण्यात गायक घसा फोडून ‘बटाटे घे, बटाटे घे’ म्हणतो, याबद्दल थोरलीला आणि तिच्या पाठच्या बहिणीला काडीची शंका नव्हती. तो बिचारा एका मुलीच्या नाकदुऱ्या काढत होता, हे पुढे कळलं. पण म्हणून त्याची गोची काही कमी होत नाही, असं थोरली म्हणायची.

‘उलटी खुर्ची’त दोन तबकड्या होत्या. पहिली ऐकून ऐकून झिजली. दुसरीवर, ती घरात आल्याच्या आठवड्यातच, शेंडेफळ बहीण धपकन बसली. कव्हरवर त्या दुसऱ्या तबकडीतल्या गाण्यांची नावं होती आणि आत दोन तुकडे. पुढे थोरलीने बाजारातून कॅसेट आणली तर तीही अर्धीच निघाली. मग लग्न झालं. प्लेअर माहेरच्या माळ्यावर गेला, घर विकताना भंगारात गेला. संसारात काय काय राहून गेलं याचा हिशेब मांडायला बसलं तर अर्धा अल्बम कुठल्या कोपऱ्यात जाणार?

सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. सगळी नोकरी कानाला हेडफोन लावून लोकांच्या तारा जोडण्यात गेली. “मी जगाचं बोलणं ऐकलंय, आता मला कुणाचं ऐकायचं नाही,” असं त्या निवृत्तीच्या दिवशी म्हणाल्या आणि शब्दाला जागल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. जिभेची धार मात्र जशीच्या तशी राहिली.

तेव्हापासून थोरलीचा दिवस सासूबाईंच्या पलंगापासून सुरू व्हायचा. त्यांना कुशीवर वळवायचं, पुसून काढायचं, चादर अंगाखालून ओढून दुसरी सरकवायची, आखडलेली बोटं एकेक करून उलगडायची. मग भरवणं, औषधं. दुकान अर्ध्या दिवसावर आणलं होतं. तेवढ्या वेळात शेजारच्या मावशी अधूनमधून डोकावून जायच्या. नवरा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत होता. माणूस वाईट नव्हता. रोज निघताना दारात उभा राहून, “काय आई, बरं आहे ना?” असं विचारायचा. त्याच्या परीने ती सेवाच होती.

दीर आणि धाकटी जाऊ दुसऱ्या गावाहून फोन करायचे. “वहिनी, आईंना जरा उन्हात बसवत जा,” असं दीर म्हणायचा. आणि धाकटी शेवटी न चुकता म्हणायची, “तुम्ही आहात म्हणून आम्ही अगदी निर्धास्त आहोत.” हे वाक्य ऐकलं की थोरली फोन नवऱ्याच्या हातात द्यायची.

तिला काही आजार नव्हता. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं. पण कपाट उघडून उभी राहिली की कशासाठी उघडलं ते आठवायचं नाही. स्टॉपवर बाकावर बसलेली असताना बस आली, तर उठायचा कंटाळा म्हणून ती बस जाऊ द्यायची. पुढच्या बसलाही उठावंच लागणार, हे कळत असून.

लेक नोकरीला लांब होती. सुट्टीत आली तेव्हा तिने आईचा चेहरा बघितला. मग जाताना आईच्या फोनमध्ये काहीतरी करून ठेवलं. “आई, यात सगळे अल्बम आहेत. अख्खे. कव्हरसकट. तुझी ती शिडी, मांजर, सगळं शोधून ठेवलंय.”

थोरलीने ठरवलं, आता मिळालंच आहे तर पहिल्यापासून सगळं ओळीने ऐकायचं.

आणि ऐकायला बसली तर काय, तिचीच पंचाईत. ज्या गिटारीसाठी तिने लहानपणी परीक्षेच्या आदल्या दिवशी मार खाल्ला होता, ती गिटार आता संपता संपेना. “आटप की रे बाबा,” असं तिच्या तोंडून निघून गेलं आणि शेजारी इस्त्री करणारा माणूस चपापून इस्त्री उचलून उभा राहिला. ‘भिंतीवरची मांजर’मध्ये तर ओळीने चार गाण्यांत तो गडी घर सोडून निघालेला. रस्ता मोकळा, वारा मोकळा, आणि मागे वळून म्हणून बघणार नाही. सोळाव्या वर्षी या गाण्यांनी तिच्या अंगावर काटा यायचा. आता कुणाच्या तरी कोटाच्या बाहीवरचं ग्रीस काढता काढता तिच्या मनात आलं, हा निघाला खरा, पण याच्या घरी म्हातारं माणूस कोण होतं? त्याला कोण वळवत होतं कुशीवर? सुटं सुटं जगणाऱ्यांच्या मागे आवरायला नेहमी कोणी तरी थोरली असतेच.

तिला वाईट वाटलं. आवडीची माणसं दुरावतात हे तिला माहीत होतं. पण गाणी दुरावतील असं तिला वाटलं नव्हतं.

अशातच एका सकाळी चादर बदलताना दोन्ही कानांत वायरी होत्या आणि सासूबाईंची हाक तिला ऐकू गेली नाही. त्यांनी डाव्या हाताने तिची बाही ओढली.

“कानात काय कोंबलंयस? मी मेले असते तरी कळलं नसतं तुला.”

“गाणी आहेत आई.”

“आण इकडे.”

थोरलीला वाटलं, आता काढून फेकणार. पण सासूबाईंनी सरावाच्या हाताने वायरीचं एक बोंड स्वतःच्या कानात बसवलं. थोडा वेळ डोळे मिटून ऐकलं.

“याला कुणी मारतंय का?”

“नाही आई. गातोय तो.”

“मग एवढा कशाला ओरडतो? आमच्या लाईनवर असं कुणी ओरडलं की मी तार काढून टाकायची.” परत डोळे मिटले. “मागे तो जाड आवाजात कोण घुमतोय?”

“ती बेस गिटार.”

“तो माणूस चांगला आहे. बाकीच्यांना गप्प बसव.”

तेव्हापासून रोज सकाळी एक वायर सुनेच्या कानात आणि एक सासूच्या. सासूबाईंना ते संगीत आवडायला लागलं असं काही कुणी म्हणू नये. त्या रोज नावंच ठेवायच्या. पण बोटं उलगडताना पूर्वी हात मागे ओढायच्या, तो आता ढिला सोडायच्या. आणि बेसवाला बरा वाजवत असला तर तसं सांगायच्या. नाहीतर “आज हा जेवला नाही वाटतं,” म्हणायच्या. थोरलीला इतक्या वर्षांत तिच्या झिपऱ्यांबद्दल घरात बोलणारं पहिलं माणूस मिळालं होतं, आणि ते हे.

‘उलटी खुर्ची’ तिने मागे ठेवली होती. एका दुपारी दुकानात पहिली तबकडी संपली आणि गाणं थांबलं नाही, पुढे चालू राहिलं. तेव्हा तिच्या लक्षात आलं की आता जे येतंय ते आपण कधी ऐकलेलंच नाही.

पहिल्या भागात ज्याने आकाशपाताळ एक केलं होतं, तोच माणूस इथे जवळजवळ बोलल्यासारखा गात होता. ड्रम नाहीत. एक गिटार, तीही कुणी शेजारच्या खोलीत झोपलंय अशी वाजवलेली, आणि खाली तो बेसवाला, सावकाश. गाण्यात फारसं काही घडतच नव्हतं. एक माणूस घरी येतो, बूट काढायला बसतो, एक बूट काढतो आणि दुसरा काढायची ताकद नाही म्हणून तसाच बसून राहतो. बाहेर दिवे लागतात. कुणीतरी आतून विचारतं, आलास का? तो उत्तर देत नाही. संपलं गाणं.

थोरलीच्या पायाखालची वाफ चालूच राहिली. समोर कुणाचा तरी पांढरा शर्ट होता, तो ओलाचिंब झाला. मालक आले, “बाई, बरं वाटत नाही का?”

“बरं आहे,” ती म्हणाली. “गाणं ऐकत होते.”

त्या आठवड्यात ते गाणं तिने किती वेळा लावलं कुणास ठाऊक. रडू यायचं नाही. आपल्या वाटचं कुणीतरी घटकाभर बसलंय असं वाटायचं. सासूबाईंनाही ऐकवलं. त्या म्हणाल्या, “हा ओरडत नाही आज.” आणि थोड्या वेळाने, “दुसरा बूट कुणी काढला मग?” इंग्रजी फोनवर हाताळून हाताळून त्यांचं सुनेपेक्षा पक्कं होतं.

लेकीला हे सगळं फोनवर कळत होतं. ‘लाल शिडी’ आणि ‘उलटी खुर्ची’ दोन्ही गाणाऱ्या त्या गायकाचा, आता सत्तरीपार म्हाताऱ्या झालेल्या त्या माणसाचा कार्यक्रम शहरातल्या बंदिस्त स्टेडियममध्ये होणार होता. जुन्या साथीदारांतले काही गेले, काही भांडले. भाड्याची मंडळी घेऊन तो फिरत होता. लेकीने दोन तिकिटं काढून पाठवली.

“मला नको ते डोकं उठवणारं,” नवरा म्हणाला.

“मग मीही नाही जात. आईंकडे कोण बघणार?”

यावर तो उठून आईच्या खोलीत डोकावून आला. मग म्हणाला, “मी बघतो. माझीच आई आहे ना ती.”

इतक्या दिवसांत हे वाक्य घरात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं. थोरलीने त्याला चादर कशी सरकवायची, उशी कुठे लावायची, कुठली गोळी कशानंतर, सगळं दाखवलं. तो मान हलवत होता. गणिताच्या तासाला मागच्या बाकावरचा मुलगा हलवतो तशी.

कार्यक्रम रविवारी, उजेड असतानाच सुरू होणारा. ऐकणाऱ्यांच्या वयाच्या सोयीने ठेवला असावा. थोरली एकटी गेली. आत बघते तर सगळीकडे पांढरी डोकी, चष्मे, कमरेचे पट्टे. जिने चढताना लोक कठड्याला धरून थांबत होते. एका टकल्या माणसाने उरलेसुरले केस मागे बांधून त्यांची शेपटी केली होती. हेच का ते झिपरे, असं मनात येऊन तिला हसू फुटलं. तिची जागा वरच्या बाजूला होती. शेजारी एक बाई होती. हातात काठी आणि अंगात चामड्याचं जाकीट.

“पहिल्यांदाच?” त्या बाईने विचारलं.

“पहिल्यांदाच.”

“उशीर केलात. पण आलात.”

दिवे गेले आणि पहिला ठोका पडला, तो तिला कानाने नव्हे, छातीने ऐकू आला. बटाट्यांचं गाणं झालं. ती उठून उभी राहिली, ओरडली, टाळ्या पिटल्या. गायकाचा आवाज वर पोचत नव्हता. जिथे पूर्वी किंचाळायचा तिथे आता माईक लोकांकडे धरायचा आणि लोकच किंचाळायचे. कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. सगळे मिळून एक ओझं उचलावं तसं ते गाणं उचलत होते.

मग दिवे मंद झाले. म्हातारा स्टुलावर बसला, माईकमध्ये काहीतरी पुटपुटला, आणि ती शेजारच्या खोलीतल्यासारखी गिटार वाजायला लागली. तिचं गाणं. थोरली खुर्चीत मागे टेकून बसली. हात मांडीवर ठेवले. आपल्याला आत्ता कुणी हाक मारणार नाही, हे तिच्या अंगाला कळलं असावं. माणूस घरी आला, बूट काढायला बसला…

“अहो. अहो बाई.”

डोळे उघडले तर सगळे दिवे लागलेले. खाली माणसं केबल गुंडाळत होती. स्टेडियम निम्मं रिकामं. जाकीटवाली बाई काठी टेकून वाकली होती, आणि तिचं जाकीट थोरलीच्या अंगावर होतं.

“संपलं?”

“केव्हाच. शेवटी तर आतषबाजीसुद्धा झाली. मी दोनदा हलवलं तुम्हाला.” तिने काठी दुसऱ्या हातात घेतली. “घरी कुणी आजारी आहे का?”

“सासूबाई.”

“माझा नवरा होता. सात वर्षं,” ती म्हणाली, आणि जाकीट घेऊन निघून गेली.

बसमध्ये थोरलीला स्वतःचा संताप आला. जन्मात एकदा मिळालेली संधी, आणि आपण घोरत पडलो! पण संताप यायलाही थोडी ताकद लागते, आणि कितीतरी दिवसांनी ती अंगात होती, हेही तिला जाणवलं.

घरी नवरा स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा होता. शर्टावर औषधाचे ओघळ, केस विस्कटलेले. “मी तीनदा चादर बदलली,” एवढंच तो म्हणाला. आत सासूबाई जाग्या होत्या.

“बघ तुझ्या नवऱ्याने मला कसं गुंडाळलंय. पार्सल करून धाकट्याकडे पाठवतो की काय कोण जाणे. पाठ मोडली माझी.” थोरलीने चादर सोडवून नीट केली, कुशीवर वळवलं. “काय, गायला का तो बुटवाला?”

“गायला. मी झोपले आई.”

“काय केलंस?”

“झोप लागली. त्याच गाण्याला. शेवटपर्यंत झोपले.”

सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू हलली, आणि त्या हसल्या. अडखळत, खोकत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. थोरली आधी रागावली, मग पलंगाच्या कडेवर बसून तीही हसायला लागली. नवरा दारात येऊन दोघींकडे बघत उभा राहिला. काय झालं ते त्याला कुणी सांगितलं नाही.

त्यातून फार मोठं काही बदललं नाही. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने भावाला फोन लावला आणि पहिल्यांदाच आवाज चढवला. “निर्धास्त बिर्धास्त काही नाही,” असं तो म्हणाल्याचं थोरलीने भिंतीआडून ऐकलं. दोघा भावांनी मिळून सकाळसाठी एक बाई ठेवली. ती आली तेव्हा आली, नाही आली तेव्हा नाही. रविवारी बाईची सुट्टी. रविवारची सकाळ माझी, असं नवरा म्हणाला.

पहिल्या रविवारी थोरलीने ठरवलं होतं की ‘उलटी खुर्ची’ जागेपणी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायची. फोन उशाशी घेतला होता. पण लावला नाही. भिंतीपलीकडून नवऱ्याचा आवाज येत होता, “आई, हे टोक कुठे खोचायचं?” आणि सासूबाईंचा, “तुझ्या डोक्यात खोच!” मग काहीतरी पडलं. मग सासूबाईंची हाक आली, सवयीने, “थोरले!”

ती पडून राहिली. पुन्हा एकदा हाक आली, मग नवऱ्याचं काहीतरी पुटपुटणं, पाण्याच्या भांड्याचा आवाज. थोरलीने पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं आणि कुशीवर वळली.